मोटरसायकलचे कार्बोरेटर मोटारीच्या इंजिनावर : इंधन पंप कोणता निवडावा?

चौथा गिअर (धागाकर्ता)

एका जुन्या मोटारीतील १६०० सीसीच्या, चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची मूळ इंजेक्शन प्रणाली काढून त्याजागी यामाहा आर१ या मोटरसायकलचे चार कार्बोरेटर बसवण्याचे काम मी सुरू केले आहे. ज्या मोटरसायकलवरून ते काढले ती १९९८ ते २००१ या काळातील आहे, म्हणजे आर१ वर इंजेक्शन येण्यापूर्वीची. कार्बोरेटर ४० मिमीचे मिकुनी आहेत. मॅनिफोल्ड (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळ्या) तयार झाले आहे, थ्रॉटल केबल जोडली आहे आणि आता प्रश्न उरला आहे तो पेट्रोल कसे पोहोचवायचे याचा.

टाकी मागे आणि कार्बोरेटरपेक्षा खालच्या पातळीवर आहे, त्यामुळे मोटरसायकलप्रमाणे पेट्रोल आपोआप उतरून येणार नाही. माझ्यासमोर चार पर्याय आहेत : टाकीतला मूळचा इंजेक्शनचा पंप ठेवून त्यापुढे रेग्युलेटर (दाब कमी करून स्थिर ठेवणारा भाग) लावणे, जुन्या गाड्यांत असतो तसा कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप शोधणे, बाहेरून लावायचा छोटा विद्युत पंप घेणे किंवा मोटरसायकलचाच पंप वापरणे. इंजिनाकडून १३० अश्वशक्तीच्या आसपास अपेक्षा आहे. एवढ्या ताकदीसाठी छोटा पंप कमी पडेल, अशी मला धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निडलसीट

आपण प्रश्न ‘पंप किती पेट्रोल देईल’ या बाजूने मांडला आहे. माझ्या मते तो आधी ‘पंप किती दाब देईल’ या बाजूने मांडायला हवा, कारण मोटरसायकलच्या कार्बोरेटरवर मोटारीचा पंप लावल्यानंतर ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेक पेट्रोल कमी पडल्याच्या नसून जास्त झाल्याच्या असतात.

ज्या मोटरसायकलींमध्ये पेट्रोल टाकीतून केवळ उताराने येते, त्यांच्या निडलवर (कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल बंद करणाऱ्या टोकदार झडपेवर) प्रत्यक्ष दाब किती असतो याचा हिशोब करून पाहा. टाकीतील पेट्रोलची पातळी कार्बोरेटरपेक्षा ३० सेंमी वर आहे असे धरले, तर पेट्रोलच्या घनतेनुसार हा दाब जेमतेम ०.३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) भरतो. मोटारीचा यांत्रिक पंप ३ ते ६ पीएसआय देतो, म्हणजे किमान दहापट. इंजेक्शनचा पंप ४० पीएसआयच्या घरात काम करतो. ही एवढी तफावत सोसायची आहे ती फ्लोट (कार्बोरेटरमधील पेट्रोलवर तरंगणारा भाग) आणि निडल या दोन छोट्या भागांना.

फ्लोट वर उचलला गेला की निडल सीटवर, म्हणजे पेट्रोल आत येण्याच्या भोकावर, बसते आणि पेट्रोलचा मार्ग बंद होतो. मागून येणारा दाब निडलला सतत खाली ढकलत असतो आणि त्याचे बळ सीटच्या भोकाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. सीट १.५ मिमीची असेल आणि दाब २.५ पीएसआय असेल, तर निडलवर साधारण ३ ग्रॅम वजनाएवढा रेटा येतो. सीट ३ मिमीची असेल, तर क्षेत्रफळ चौपट झाल्याने तोच रेटा १२ ग्रॅमवर जातो आणि ५ पीएसआयला २५ ग्रॅमच्या आसपास पोहोचतो. फ्लोटचा आकार पाहिला, की त्याच्याकडून आपण किती काम मागत आहोत ते ध्यानात येते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की कार्बोरेटर मूळच्या गाडीवर उताराच्या पेट्रोलवर चालत होते की पंपावर? उतारावर चालणाऱ्यांची सीट मुद्दाम मोठी ठेवलेली असते, कारण कमी दाबात पुरेसे पेट्रोल जायला मोठे भोक लागते. असे कार्बोरेटर पंपावर लावले, की सर्वांत आधी तेच भरून वाहतात. आपले कार्बोरेटर ज्या आर१ चे आहेत तिच्यावर मुळातच विद्युत पंप होता, त्यामुळे आपण सोप्या बाजूला आहात. तरीही २ ते २.५ पीएसआय हे लक्ष्य ठेवावे आणि ३ च्या वर जाऊ नये.

वंगणतेल

इंजेक्शनच्या पंपाचा पर्याय सरळ बाद करावा. कार्बोरेटरसाठी मिळणारे साधे रेग्युलेटर ४० पीएसआयचा दाब २ पर्यंत उतरवण्यासाठी बनवलेले नसतात. काही काळ ते तसे करतात असे दिसते, पण इंजिन बंद-चालू करताना, विशेषतः सर्व निडल बंद असताना, दाब हळूहळू वर सरकतो. टाकीकडे परतणारी मोठी नळी ठेवून दोन टप्प्यांत दाब उतरवणे शक्य आहे, परंतु ज्या ठिकाणी अडीच पीएसआय हवे तिथे चाळीस निर्माण करायचे आणि उरलेले परत पाठवायचे, यात पेट्रोल उगाच तापते आणि एखादी क्लिप सुटली तर इंजिनाच्या खोलीत पेट्रोलची पिचकारी उडते.

यांत्रिक पंप मला व्यक्तिशः आवडतो. इंजिन थांबले की तोही थांबतो, त्याला तार लागत नाही, रिले लागत नाही. मात्र मुळात इंजेक्शन असलेल्या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर तो ढकलण्यासाठी लागणारा उंचवटा बहुधा नसतोच. आपल्याकडे तो असेल, तरच पुढे जावे आणि रेग्युलेटर लावावा. पंपाखाली जाड पॅकिंग घालून दाब कमी करण्याची युक्ती बरेचजण सुचवतात. तिने पंपाची फेक कमी होते, दाब मात्र आतल्या स्प्रिंगवर ठरत असल्याने फारसा उतरत नाही.

चौथा गिअर (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. माझ्या कॅमशाफ्टवर तसा उंचवटा नाही, त्यामुळे यांत्रिक पंप आणि इंजेक्शनचा पंप हे दोन्ही पर्याय मी सोडून दिले आहेत. दाबाचा मुद्दा पटला. तरीही १३० अश्वशक्तीसाठी छोटा विद्युत पंप पुरेल का, हा प्रश्न माझ्यापुरता शिल्लक आहे.

मापनळी

पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल इंजिन एका किलोवॉट-तासामागे ढोबळमानाने ३०० ग्रॅम पेट्रोल घेते. या हिशोबाने १०० अश्वशक्तीला ताशी साधारण ३० लिटर लागतात, तर १३० ला ४० लिटरच्या आसपास. ताशी ४० लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे ६५० मिलिलिटर आणि ते चार कार्बोरेटरांत वाटले, की प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला तीन मिलिलिटरही येत नाहीत. एवढे पेट्रोल १.५ मिमीच्या सीटमधून १ पीएसआय दाबालाही जाते. तेव्हा निडल ही इथली अडचण नाही.

अडचण पंपाच्या डब्यावर छापलेल्या आकड्याची आहे. तो आकडा बहुधा मोकळ्या प्रवाहाचा असतो, म्हणजे पुढे काहीही अडथळा नसतानाचा. दाब वाढत जातो तसा प्रवाह घटतो आणि पंपाच्या कमाल दाबाला तो शून्य होतो. ताशी १०० लिटर आणि कमाल ४ पीएसआय असे लिहिलेला पंप घेतला आणि घट सरळ रेषेत होते असे मानले, तर अडीच पीएसआयला तो ताशी चाळीसाच्या आतच देईल. त्यात लांब आणि अरुंद नळी, वळसे घेणारे जोड आणि फिल्टर यांचा अडथळा मिळवा. निडल उघडल्यावर दाब काहीसा खाली येतो आणि प्रवाह थोडा वाढतो, ही जमेची बाजू आहे, पण केवळ तिच्या भरवशावर पंप निवडू नये.

म्हणून छापील आकड्यावर न जाता मोजून पाहावे. पंप, फिल्टर, रेग्युलेटर आणि संपूर्ण नळी प्रत्यक्षात बसवायची तशीच बसवून नळीचे टोक कार्बोरेटरच्या उंचीवर धरावे आणि इंजिन थंड व बंद असताना, उघड्यावर, बॅटरी पूर्ण भरलेली असताना मिनिटभर मापाच्या डब्यात पेट्रोल घ्यावे. लिटरभर मिळाले तर १३० अश्वशक्तीला पुरून उरते. तारेचे जोड पंपापासून लांब ठेवावेत, कारण ठिणगी बहुधा ऐन वेळी काढल्या-लावलेल्या जोडातूनच उडते.

निडलसीट

मापनळी यांनी मांडलेला हिशोब योग्य आहे. त्यात एक भर घालतो. पेट्रोल कमी पडण्याचे लक्षण थ्रॉटल झटक्यात उघडल्यावर दिसत नाही, कारण बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत) साठा असतो. ते वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर गाडी काही सेकंद ताणल्यानंतर दिसते. थ्रॉटल उघडताक्षणी गाडी अडखळत असेल, तर पंप बदलून काहीही साधणार नाही. तिथे कार्बोरेटरचा स्लाइड (हवेचा मार्ग कमी-जास्त करणारा सरकता भाग), निडल-जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक), प्रज्वलनाची वेळ किंवा मॅनिफोल्डची हवागळती पाहावी.

लालटोपी

रेग्युलेटर सर्वांनाच हवा, हे मला तितकेसे पटत नाही. फॅसेट कंपनीच्या छोट्या चौकोनी पंपांमध्ये कमी दाबाचे प्रकार मिळतात आणि त्यांचा दाब मुळातच कार्बोरेटरला सोसेल इतका असतो. मधे आणखी एक भाग, आणखी दोन जोड आणि आणखी एक डायफ्रॅम घालून आपण गळतीच्या जागा वाढवतो. मोटरसायकलचा स्वतःचा पंप वापरला तर तोही त्या कार्बोरेटरसाठीच बनलेला असतो. मग रेग्युलेटर कशासाठी?

निडलसीट

आपल्या म्हणण्यात तथ्य आहे. मोटरसायकलचा पंप त्या मोटरसायकलवर टाकीच्या जवळ आणि कार्बोरेटरच्या शेजारी असतो. मोटारीत त्याला मागच्या टाकीपासून पुढे तीन-चार मीटर पेट्रोल ढकलायचे असते, तेही चढावर. तो हे करतो का, हे मापाच्या डब्याने ठरवावे. तो करत असेल, तर रेग्युलेटरविना त्याच्याइतका नेमका पर्याय दुसरा नाही, हे मीही मान्य करतो. वापरलेला पंप असल्यास मात्र त्यातील संपर्कबिंदू झिजलेले असण्याची शक्यता असते आणि असा पंप मधूनच थांबतो व टिचकी मारली की पुन्हा चालू होतो.

नव्या चौकोनी पंपाच्या बाबतीत डब्यावरचा दाब हा एक आकडा नसून एक पल्ला असतो. त्या पल्ल्याचे वरचे टोक ४ पीएसआय असेल, तर माझ्या दृष्टीने रेग्युलेटर हवा. गोल चक्रीय पंपांच्या बाबतीत तर वादच नाही. होली कंपनीचा लाल पंप ७ पीएसआयपर्यंत जातो आणि निळा १४ पर्यंत. ते मोठ्या इंजिनांसाठी उत्तम आहेत, पण इथे त्यांचा बहुतेक दाब आपल्याला दाबून टाकावाच लागेल, शिवाय आवाज वेगळाच.

वंगणतेल

रेग्युलेटर घेताना त्याचा पल्ला वाचून घ्यावा, हे सांगायचे राहिले होते. एकाच कंपनीचे, दिसायला अगदी सारखे असे दोन रेग्युलेटर मिळतात. होलीमध्ये एक १ ते ४ पीएसआयचा आणि दुसरा साडेचार ते ९ चा आहे. दुसरा कितीही सैल केला तरी अडीचवर येणार नाही आणि माणूस मात्र स्क्रू फिरवत बसतो. दाबमापकाचेही तसेच. शंभरपर्यंतच्या काट्यावर अडीच पीएसआय म्हणजे काटा जेमतेम हलल्यासारखा दिसतो. ० ते ६ किंवा फार तर १५ पर्यंतचा मापक घ्यावा. द्रव भरलेले बंद मापक इंजिनाजवळ तापले की चुकीचा दाब दाखवतात, म्हणून वाचन इंजिन थंड असताना घ्यावे.

परतीच्या नळीबाबत माझे मत असे आहे, की रस्त्यावर चालवायच्या गाडीत ती अत्यावश्यक नाही, पण तिच्यामुळे गाडी समंजस होते. रेग्युलेटर आणि निडल यांच्यामध्ये अडकलेले पेट्रोल इंजिन बंद केल्यावर खोलीच्या उष्णतेने फुगते, दाब वाढतो आणि निडलला रेटून ते बाऊलमध्ये शिरते. गरम गाडी पुन्हा सुरू करताना चोक न देताही ती फ्लड झाल्यासारखी (इंजिनात जास्त पेट्रोल गेल्यासारखी) वागते, ते यामुळेच. कार्बोरेटरजवळून १ मिमी भोकाच्या जेटमधून एक नळी टाकीकडे परत नेली, की हा दाब निघून जातो आणि वाफेचे बुडबुडेही परततात. अशा भोकातून अडीच पीएसआयला ताशी साधारण ११ लिटर परत जातील, तेव्हा ते पंपाच्या हिशोबात धरावे.

चौथा गिअर (धागाकर्ता)

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या मिकुनीच्या डायफ्रॅम पंपाबद्दलही मी वाचले. वीज नको, दाब कमी, इंजिनाबरोबर बंद. तो चालेल का?

मापनळी

तो पंप क्रँककेसमधील दाबाच्या ठोक्यांवर चालतो. एक सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खालीवर होताना हे ठोके स्पष्ट मिळतात. आपल्या चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात आणि क्रँककेसमधील ठोके एकमेकांना बरेचसे मारतात. एका सिलिंडरच्या मॅनिफोल्ड नळीतून ठोका घेता येतो, परंतु पूर्ण थ्रॉटलवर तिथला व्हॅक्यूम क्षीण होतो, म्हणजे नेमके सर्वाधिक पेट्रोल हवे तेव्हा पंप दमतो. मागच्या टाकीपासून पेट्रोल ओढून आणण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

तारजोडणी

विजेच्या पंपाची सुरक्षा अजून चर्चेत आलेली नाही. पंप थेट इग्निशनच्या किल्लीवर जोडला, तर अपघातात इंजिन बंद पडले तरी तो तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो. म्हणून पंपाला रिले द्यावा आणि त्या रिलेला इंजिन चालू असल्याची खूण द्यावी. इग्निशन कॉइलचे ठोके ओळखणारा रिले सर्वांत सुटसुटीत; किल्ली फिरवल्यावर तो क्षणभर पंप चालवून बाऊल भरतो आणि इंजिन फिरत नसेल तर वीज तोडतो. ऑइल प्रेशर स्विचनेही तेच साधते, मात्र स्टार्टर फिरवताना ऑइलचा दाब यायला वेळ लागतो, म्हणून स्टार्टरच्या तारेवरून पंपाला तात्पुरती वीज द्यावी लागते आणि त्या तारेतून वीज उलटी वाहून स्टार्टर फिरवणार नाही याची खबरदारी डायोडने घ्यावी लागते. धक्का बसताच उघडणारा इनर्शिया स्विच या दोन्हींबरोबर असावा.

पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाशी समपातळीत किंवा त्याखाली, रबराच्या पायांवर बसवावा. हे पंप ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात कच्चे असतात. ओढण्याच्या बाजूला आधीच कमी दाब असतो, त्यात गरम पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसताच टकटक करतो. त्याआधी जाड जाळीचा फिल्टर आणि पुढे बारीक फिल्टर ठेवावा. बारीक फिल्टर ओढण्याच्या बाजूला लावू नये. पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यास जुनी रबरी नळी आतून मऊ पडून सुटते आणि तिचे काळे कण थेट निडलच्या सीटवर जाऊन बसतात, म्हणून नळी इथेनॉलला चालणारीच घ्यावी.

फ्लोटबाऊल

दोन गोष्टी सुचवतो. कार्बोरेटरच्या मधल्या प्लॅस्टिकच्या टी-जोडांना ओ-रिंग असतात आणि त्या कमी दाबासाठी असतात. मोटारीच्या पोर्टच्या अंतरानुसार कार्बोरेटर एकमेकांपासून लांब करताना हे जोड बदलावे लागतात. तेव्हा ओ-रिंग नव्या घालाव्यात आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी पंप चालवून प्रत्येक जोडाखाली कागद धरून पाहावा.

दुसरे असे, की वळणावर गाडी अडखळली म्हणून लगेच पंपाला दोष देऊ नये. मोटरसायकल वळणात झुकते, त्यामुळे बाऊलमधील पेट्रोल तळाशी जवळपास समांतर राहते. मोटार झुकत नाही. ०.८ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट बाजूच्या ओढीच्या) लांब वळणात पेट्रोलचा पृष्ठभाग जवळजवळ ४० अंशांनी कलतो आणि एका बाजूला जेट उघडा पडू शकतो किंवा फ्लोट वेळेआधी निडल बंद करू शकतो. दाब वाढवून हे सुटत नाही. वळण संपले की सरळ रस्त्यावर उलट तो वाढवलेला दाब गाडी फ्लड करतो.

चौथा गिअर (धागाकर्ता)

सर्वांच्या सूचनांनुसार कमी दाबाचा चौकोनी पंप, १ ते ४ पीएसआयचा रेग्युलेटर आणि १ मिमी जेटची परतीची नळी अशी जुळणी केली आहे. मापाच्या डब्यात मिनिटाला लिटरहून अधिक पेट्रोल मिळाले. इंजिन सुरू झाले, पण ३.५ पीएसआयला प्लग काळे पडत होते आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, जरी बाहेर कुठेही थेंबभर गळती नव्हती. आता मेन जेट एक नंबर लहान करावा का?

निडलसीट

जेटला अजिबात हात लावू नये. आधी ऑइल बदलावे आणि रेग्युलेटर खाली आणावा. दाब जास्त असला की पेट्रोल लगेच बाहेर सांडत नाही. आधी बाऊलमधली पातळी चढते. निडल बंद करायला फ्लोटला अधिक बुडावे लागते, तेवढे पेट्रोल वर येते, जेटपर्यंतची चढण कमी होते आणि आयडलपासून वरच्या फेऱ्यांपर्यंत मिश्रण श्रीमंत (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होते. अशा वेळी जेट लहान केला, की वरच्या फेऱ्यांत प्लग बरे दिसू लागतात आणि मधल्या फेऱ्यांत गाडी खराबच राहते. पुढे कधीतरी दाब बरोबर केला की तीच गाडी वरच्या फेऱ्यांत उपाशी राहते.

पातळी डोळ्यांनी पाहता येते. बाऊलच्या तळाशी असलेल्या ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावावी, ती कार्बोरेटरच्या बाजूने वर वळवून बाऊलच्या जोडरेषेजवळ धरावी आणि ड्रेनचा स्क्रू सैल करावा. इंजिन आयडलला असताना नळीत जिथे पेट्रोल स्थिरावते तीच आतली पातळी. ती जोडरेषेपासून किती वर किंवा खाली असावी, याचे माप त्या मोटरसायकलच्या दुरुस्ती पुस्तिकेत असते. मात्र ते कार्बोरेटर मूळ कोनात असतानाचे असते, तेव्हा आपल्या मॅनिफोल्डवर ते त्याच कोनात बसले आहेत का, हे आधी पाहावे. ३.५ ला खूण करावी, मग २.५ ला, मग २ ला. पातळी उतरत जाते आणि एका टप्प्यानंतर उतरायची थांबते; तो टप्पा आपला दाब.

चौथा गिअर (धागाकर्ता)

नळी लावून पाहिले. ३.५ वरून २.५ ला आणताना पातळी स्पष्टपणे खाली आली, २.५ आणि २ मध्ये मात्र फरक दिसला नाही. पुस्तिकेतील मापाशीही ती जुळते आहे. रेग्युलेटर २.२ वर ठेवला आहे, मूळचेच जेट ठेवले आहेत आणि प्लगचा रंग आता तपकिरी येतो. पूर्ण थ्रॉटलवर चौथ्या गिअरमध्ये ताणूनही गाडी दमत नाही. एकच शंका आहे : पुढचा पारदर्शक फिल्टर निम्मा रिकामाच दिसतो.

मापनळी

तो तसाच दिसतो. आडव्या फिल्टरच्या वरच्या भागात हवा अडकून राहते आणि एवढ्या कमी दाबात ती पुढे ढकलली जात नाही. कागदाचा निम्मा भाग बुडालेला असेल आणि डब्यात मिनिटाला लिटर मिळत असेल, तर पुरवठा पुरेसा आहे. डोळ्यांना खटकत असेल, तर फिल्टर उभा करून बाहेर जाणारे तोंड वर ठेवावे. हवा आपोआप पुढे निघून जाईल.